खुंटा दोघींचा

(कळंब, ता. इंदापूर येथे महिलांसमोर केलेले भाषण)

जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा. समोरासमोर मायलेकी, सासू-सून, नाहीतर जावा-जावा. एकीने वैरण घालत ओवी म्हणायची, दुसरीने सूर धरून पुढची जोडायची. म्हणूनच ओवी एकटीची नसते. दोन-तीन पिढ्यांच्या बायांनी मिळून ती रचलेली असते. सासुरवास, माहेरची ओढ, लेकीची काळजी, जे चारचौघांत बोलता येत नव्हते ते बाई पहाटे जात्यापाशी बोलली.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी'ने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. आपल्या तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या ओव्याही त्यांत आहेत. तिथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिले जाते. 'लोकगीत' म्हणून बाईचे नाव पुसले जात नाही, हे मोठे काम आहे.

गिरणी आली, हात मोकळे झाले. चांगलेच झाले, ते कष्ट परत नकोत. पण बोलायची जागाही गेली. ती आपण गटाच्या बैठकीत पुन्हा करू. आजी गाईल, नात मोबाईलवर आवाज भरून घेईल. मात्र आधी आजीला विचारायचे, आणि नाव तिचेच लावायचे.

नातीने नुसते जपूही नये. सोसायला शिकवणाऱ्या ओव्या पुष्कळ आहेत. तिथे तिने आजीला प्रश्न विचारावा, आपली ओवी जोडावी. खुंट्यावर तिचाही हात हवा.