वार्धक्य, आरोग्य आणि एक प्रबंध
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंचा निरोप असा आला, "तुम्ही म्हातारपणावर पीएच.डी. करता म्हणे. तेव्हा चार शब्द बोला. मात्र फार शास्त्रीय नको, आणि चहाच्या आधी संपवा." दोन्ही अटी कबूल करून मी उभी आहे.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना पुन्हा चालते करणे हे माझे वीस-बावीस वर्षांचे काम. काठी हातात देऊन, पायऱ्या चढवून, मी त्यांना घरी धाडीत असे. आणि त्यांतली एखादी वर्ष-दोन वर्षांनी परत येई, या खेपेस दुसऱ्या बाजूचा खुबा घेऊन! कुठे पडलात म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले : रात्री, न्हाणीघरात. मग माझ्या मनात येऊ लागले की, ही बाई मी चालती केली खरी; पण धाडली कुठे, तर त्याच न्हाणीघरात!

आता हे पडणे कुणाच्या खात्यात घालायचे? हाडांचे डॉक्टर सांगतील, पाळी गेल्यावर हाडे विरळ होतात. डोळ्यांचे म्हणतील, मोतीबिंदू आहे. औषधांचा जाणकार विचारील, झोपेची गोळी चालू आहे का? रक्तदाबाची गोळी घेऊन एकदम उठल्यावर भोवळ येते का? घर बांधणारा दाखवील की, फरशी गुळगुळीत आहे, उंबरा उंच आहे आणि दिव्याचे बटण दाराबाहेर भलत्याच भिंतीवर आहे. आणि समाजशास्त्राची प्राध्यापिका विचारील, त्या दिवा का लावीत नाहीत? तर पलीकडे नातवाची झोप मोडेल म्हणून. सगळे खरेच बोलतात, पण प्रत्येकजण आपल्या खोलीत बसून बोलतो. बाई मात्र एकच आहे आणि पडतेही एकदाच.

या सर्व खोल्यांची दारे उघडून केलेल्या अभ्यासाला आंतरविद्याशाखीय म्हणतात. शब्द मालगाडीसारखा लांब आहे. पण कल्पना काही नवी नाही. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन नावाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. १९३५ साली शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले कित्येक वृद्ध रुग्ण त्यांच्याकडे सोपविण्यात आले. वर्षानुवर्षे खाटेवर पडलेली ही माणसे, कुणी धड तपासलेलीही नव्हती. बाईंनी एकेकाला तपासले, वेगवेगळे गट केले, नर्सा, व्यायाम करविणारे, घरची चौकशी करणारे, सर्वांना एकत्र कामाला लावले. पुष्कळजण उठून बसले, काही तर घरी गेले. पडून राहणे हा वयाचा धर्म नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडेही मुंबईला देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७ पासून असे मोठे काम हाती घेतले. पंचेचाळीस वर्षांवरील माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक जणांना भेटून त्यांची मूठ किती घट्ट आवळते हे मोजले, आणि घरात पैसा कुणाच्या हाती आहे हेही विचारले. एकाच माणसाला दोन्ही विचारले, यातच त्याचे मोल आहे. त्याचा पहिला अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. तो वाचला आणि मी नाव नोंदविले.

मला मार्गदर्शक दोन. एक वैद्यकातले, एक समाजशास्त्रातल्या. डॉक्टरसाहेब म्हणतात, "किती बायका पडल्या ते मोजा." बाई म्हणतात, "पडल्यावर कुणाला सांगितले ते विचारा." दोघांच्या मध्ये माझे टिपण दर महिन्याला दोनदा पुन्हा लिहिले जाते. वेळेची चिंता कराल तर २०२२ च्या नियमांनी कमीत कमी ३ वर्षे, एरवी ६, पुनर्नोंदणी करून आणखी २, आणि स्त्रियांना त्याहून आणखी २ मिळतात. ही शेवटची सवलत ज्याने सुचविली, त्याच्या घरी कुणीतरी प्रबंध लिहीत असले पाहिजे!

बाईंचा प्रश्न किती खोल आहे, हे मला एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींकडे कळले. त्या सहा महिन्यांत तीनदा पडल्या होत्या. घरी पत्ता नाही. मी परकी, म्हणून मला सांगितले, आणि लगेच हात धरून म्हणाल्या, "सुनेला बोलू नकोस हो. कळले की माझे एकटीने देवळात जाणे बंद." त्यांनी सांगितलेले गुप्त राहील, असे मी कागदावर लिहून दिले होते. आणि माझ्यातली फिजिओथेरपिस्ट तर मुलाला फोन करायला निघाली होती!

मी फोन केला नाही. त्यांच्या संमतीने एवढेच केले : डॉक्टरांकडून निजून आणि उभे राहून रक्तदाब मोजून घ्यायला सांगितले, सपाता बदलायला लावल्या. रात्रभर जळणाऱ्या लहान दिव्याचे सुनेशी बोलल्या त्या स्वतःच. तिने त्याच संध्याकाळी आणला. पडण्याचे अजून बोललेल्या नाहीत. माझे मत विचाराल, तर आजींची भीती अगदी रास्त आहे. पडेल म्हणून बसवून ठेवलेल्या बाईचे पाय महिन्या-दोन महिन्यांत निर्बळ होतात, आणि मग ती खरोखरच अधिक पडते. सुनेचा धाकही खोटा नाही, कारण खुबा मोडला तर उठबस तिलाच करायची. या दोघींमधली कोंडी कुठल्या एका शास्त्राने सुटायची नाही. माझ्या प्रबंधाचे सर्वांत मोठे प्रकरण तेच आहे.

आता कामाचे. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता मी मंडळाच्या या सभागृहात बसणार आहे. साठीपुढच्या ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, नेहमीच्या चालीने चालायचे, वळून परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर आपण निवांत बोलू. नाव कुठेही लागणार नाही, आणि सुनांना बोलावलेले नाही. चष्मा आणा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, आणि चपला नव्या नकोत, घरात खरोखर वापरता त्याच घालून या.