आधी पुढाऱ्याचा हिशेब
(गोखिवरे येथील बैठकीतील भाषण)



शेतकीची पदवी घेऊन आम्ही गावात आलो ते शिकवायला. पण कोणत्या खाचरात पाणी तुंबते, हे आम्हाला शेतकऱ्यानेच दाखवले. आधी ऐकायचे, हा पुढारपणाचा पहिला धडा तिथे मिळाला.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. 1945 साली गोदावरी परुळेकर तलासरी भागातल्या वारल्यांत गेल्या. पुण्याची शिकलेली बाई. पण वारल्यांच्या झोपडीत राहिली, त्यांच्यात जेवली. 23 मे रोजी झरीच्या सभेत ठरले, वेठ करायची नाही, रोजाचे 12 आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही. वेठ मोडली ती वारल्यांनीच. बाईंवर त्यांचा विश्वास बसला, कारण बाईंना तिथून स्वतःसाठी काही न्यायचे नव्हते.

आज गोखिवऱ्यात खाचरांच्या जागी गाळे आणि इमारती आहेत. उरलेल्या जमिनीला सोन्याचा भाव. अशा वेळी मोह आधी पुढाऱ्यालाच होतो. सकाळी ‘जमीन वाचवा’ म्हणायचे आणि संध्याकाळी सौद्यात दलाली खायची, असे झाले की संघटना संपली.

म्हणून आम्ही स्वतःला तीन नियम घातले आहेत. शेतजमिनीच्या सौद्यात दलाली घ्यायची नाही. वर्गणीचा हिशेब सर्वांदेखत वाचायचा. ज्या मोर्चात आपण पुढे नाही, त्यात दुसऱ्याच्या पोराला ढकलायचे नाही.

यातला एक जरी मोडला, तर इथेच उभे करून आम्हाला जाब विचारा. आता वर्गणीचा हिशेब वाचतो. चुकेल तिथे थांबवा.