मोज्यावरचं नाव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "सर, तरुण मुलांसाठी दहा मिनिटं बोला." उपदेश तुम्ही घरी भरपूर ऐकता. म्हणून एका कॉलेजच्या पोराची गोष्ट सांगतो. पोरगा आपल्या वर्ध्याचा नाही, इंग्लंडचा आहे.

त्याचं नाव अँड्र्यू अर्विन. घरचे त्याला सँडी म्हणत. जन्म 1902 चा. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिकायचा आणि नाव वल्हवायचा. आपल्याकडे पवनारला उन्हाळ्यात धामच्या पात्रात दगडच जास्त दिसतात, त्यामुळे हा खेळ आपल्याला नवखा. तिकडे लंडनच्या थेम्स नदीवर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची शर्यत होते. एका नावेत आठ जण वल्हवणारे, नववा दिशा देणारा, अंतर जवळपास सात किलोमीटर. आठांपैकी एकाची लय चुकली की सगळी नाव मागे पडते. अर्विन 1922 आणि 1923 अशी दोन वर्षं त्या नावेत होता. 1923 ला ऑक्सफर्ड जिंकलं.

पण मला तो आवडतो तो दुसऱ्याच गुणासाठी. प्रत्येक सोसायटीत एक मुलगा असतो बघा, पंप बंद पडला की त्यालाच हाक मारतात. हा तसा होता. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत त्याला घेतलं, तेव्हा गिर्यारोहणाचा अनुभव बेताचाच. पण प्राणवायूची उपकरणं गळायची, जडही होती. ती त्याने तंबूत बसून खोलली आणि सुधारून हलकी केली. बर्फाची उभी भिंत चढायला ओझेकऱ्यांना त्रास व्हायचा, तर दोराची शिडी तयार केली. म्हणूनच शेवटच्या चढाईला मॅलरी या कसलेल्या गिर्यारोहकाने त्याला जोडीला घेतलं.

8 जून 1924. दुपारी 12 वाजून 50 मिनिटांनी खालून त्यांच्या एका सोबत्याला ते दोघं शिखराच्या वाटेवर दिसले. मग ढग आले. दोघंही परत आले नाहीत. अर्विन 22 वर्षांचा होता.

परतण्याआधी सोबत्यांनी तळावर दगड रचून स्मारक केलं. तीन मोहिमांत गेलेल्या 12 जणांची नावं त्यावर कोरली. त्यात मॅलरी-अर्विन होते, तसे मनबहादूर मोची होते, शमशेर पुन होते आणि 1922 ला हिमस्खलनात गेलेले सात ओझेकरीही होते.

मॅलरीचा देह 1999 साली सापडला. अर्विनचा शोध मात्र सुरूच राहिला. शंभर वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला. आत मोजा, आणि मोज्यावर शिवलेली लाल अक्षरांची पट्टी : ए. सी. अर्विन.

ते वाचलं आणि मला आपली स्टीलची भांडी आठवली. महाप्रसादाची पातेली कुणाची कोणती, हे आपण कोरलेल्या नावावरून ओळखतो. माझ्या घरात अजून आईच्या नावाचा डबा आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण डबा घासताना तिचं नाव हाताला लागतं.

आता जे बोलायचंच होतं, ते बोलतो. या 25 वर्षांत आपल्या सोसायटीतली दोन तरुण मुलं गेली. त्यांच्या आईवडिलांसमोर आपण त्यांचा विषय काढत नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसतो. मीही गप्पच बसलो. मागच्या गणपतीत त्यातल्या एका आईने मला विचारलं, "सर, तुम्हाला आमचा आठवतो का हो?" मला काही बोलता येईना. आठवत तर सगळं होतं. मंडपाची लाइट गेली की शिडीवर तोच चढायचा.

त्या माउलीला आपलं सांत्वन नको होतं. तिला फक्त कुणाच्या तरी तोंडून त्याचं नाव ऐकायचं होतं.

म्हणून विनंती एवढीच, की गेलेल्या मुलांची नावं घेत जा. ती कशी गेली हे सगळ्यांना माहीत आहे. ती कशी होती, ते सांगा. आज घरी जाताना त्या दोन दारांशी दोन मिनिटं थांबा. मीही थांबणार आहे.