नातवंडांनी आजीस काय म्हणावे?



नातवंडाने आजीस कोणती हाक मारावी, हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. लग्नात वधूचे माहेरचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे जुनी. पुढे ती 'अमक्याची आई' होते. पुष्कळ स्त्रियांना नातवंडांची हाक हेच अखेरचे नाव. ते तिला न विचारता ठरावे काय?

आपल्या परभणी जिल्ह्यावर १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाची सत्ता होती. कचेरीत उर्दू चाले. त्या भाषेत बापाची आई 'दादी' आणि आईची आई 'नानी'. मराठीत मात्र दोघीही 'आजी'. हा समभाव मोलाचा आहे. म्हणून एकीस 'आजी' आणि दुसरीस 'गावाकडची म्हातारी' म्हणणे अनुचित होय.

कोणास 'माय' आवडेल, कोणास 'मोठी आई'. त्यात बिघडत काहीच नाही. वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांस 'माउली' म्हटलेच ना! हाक मायेतून निघते.

तथापि मूळ नाव पुसले जाऊ नये. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी स्वतःस नामदेवांची दासी म्हणवले, तरी अभंगांत 'जनी' हे आपले नाव राखले. आपल्या वंशावळींत मात्र बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात.

तेव्हा आमची विनंती एवढीच: बारशाच्या दिवशी बाळाचे नाव ठेवताना दोन्ही आज्यांस त्यांच्या आवडीची हाक विचारावी, आणि त्यांची माहेरची नावे घरच्या वंशावळीत त्याच दिवशी लिहावी.