बर्फात गाडी नेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लोणची-पापड असावेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा तेवढीच अपेक्षा असणे रास्त आहे. परंतु यंदाचा विषय मी हट्टाने निवडला. साताऱ्यात बर्फ पडत नाही हे मलाही ठाऊक आहे. तरी नाताळच्या सुटीत आपल्यापैकी किती घरची माणसे मनालीला जातात ते जरा शेजारणीला विचारून पाहा. पूर्वी लोक रेल्वेने आणि बसने जात. आता दारात मोठी गाडी उभी असते, आणि ती घेताना ‘फोर बाय फोर आहे, कुठेही न्या’ असे कोणीतरी सांगितलेले असते. त्या ‘कुठेही’बद्दल मला बोलायचे आहे.

आपल्या जिल्ह्यात फौजेत माणूस नाही असे गाव विरळाच. आमचे यजमानही फौजेत ड्रायव्हर होते. बावीस वर्षांच्या नोकरीत सात हिवाळे त्यांनी बर्फाच्या मुलखात काढले. त्यांपैकी दोन हिवाळे सिमल्याजवळ कुटुंबासह राहता आले, म्हणून मलाही बर्फ जवळून पाहता आला. दुरून तो पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. पण रस्त्यावरचा बर्फ दिवसभर गाड्यांखाली दबतो, दुपारी थोडा वितळतो आणि दिवस मावळला की त्याची काच होते. ढलीहून कुफरीला जाणाऱ्या रस्त्यावर ज्या वळणाला डोंगराची सावली असते, तिथे ही काच भर दुपारीही तशीच असते. वरून बघाल तर रस्ता नुसता ओला वाटतो. पुलावरही तसेच, कारण पुलाला वरून आणि खालून दोहोंकडून गार वारा लागतो.

आता चार चाकांची गोष्ट. गाडीला चाके चारच असतात, मग यात नवल ते काय? नवल असे की साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन नुसती त्यांच्याबरोबर फिरत जातात. फोर बाय फोर गाडीत एक जास्तीचा दांडा असतो, हल्लीच्या काही गाड्यांत त्याऐवजी बटण असते. तो टाकला की चारही चाके ओढू लागतात. उसाची गाडी चिखलात रुतली की आपण पुढे आणखी एक बैलजोडी जुंपतो, तसेच हे. चढावर किंवा भुसभुशीत बर्फातून गाडी पुढे काढायला त्याचा फार उपयोग होतो.

पण थांबायचे काय? ब्रेक पहिल्यापासूनच प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतो, अगदी साध्या लहान मोटारीच्याही. दांडा टाकला म्हणून ब्रेकात काही भर पडत नाही. टायरच्या रबराने रस्ता धरला तर गाडी थांबते, आणि काचेवर रबराला धरायला काही नसते. साबण सांडलेल्या न्हाणीघरात पैलवानाचाही पाय घसरतोच ना! शिवाय यात एक फसवणूक आहे. साधी गाडी चढावरच घसरू लागते आणि चालवणारा वेळीच शहाणा होऊन परत फिरतो. चार चाकांची गाडी मात्र निमूट चढून जाते. रस्ता किती निसरडा आहे हे तिच्या चालकाला पहिल्यांदा कळते ते उतरताना, ब्रेक दाबल्यावर.

आम्ही सिमल्याकडे होतो तेव्हा एके दिवशी कुफरीच्या चढावर अशी एक भाड्याची गाडी आमच्या पुढे गेली. आतली मंडळी काचेतून हात हलवत होती. हे म्हणाले, “जाताना ठीक आहे, येताना बघू.” येताना ती गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात कलंडलेली दिसली. दरीच्या बाजूला गेली असती तर काय, ते सांगायला नको. एका सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात मोडला होता. तिची आई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, मला मघापासून भीती वाटत होती, पण मी बोलले नाही. ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. या विषयाचा हट्ट मी धरला तो त्यामुळेच.

दांड्याबद्दल थोडे सांगते. जिप्सीसारख्या गाडीत त्यावर खुणा असतात. टू एच म्हणजे दोन चाके, फोर एच म्हणजे चार चाके नेहमीच्या वेगाने, आणि फोर एल म्हणजे चार चाके अगदी सावकाश पण पुष्कळ जोराने. बर्फाच्या रस्त्याला बहुतेक वेळ फोर एच पुरते. तो बर्फ लागण्यापूर्वीच टाकायचा, गाडी सरळ आणि हळू चालत असताना. चाके गरगरा फिरू लागल्यावर दांडा ओढणे म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणे. फोर एल टाकायचा तर गाडी थांबवून टाकायचा. तो खड्या चढउतारासाठी आणि खोल बर्फासाठी. पातळ बर्फावर त्याचा जोर उलट जास्त होतो आणि चाके जागीच फिरतात. म्हणून फोर एचमध्ये, दुसऱ्या गिअरवर, अलगद निघावे.

आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की पुन्हा टू एच. हे पुष्कळांना माहीत नसते. वळताना पुढची चाके मोठा फेरा घेतात आणि मागची लहान. अशा गाड्यांत फोर एच टाकल्यावर पुढचा आणि मागचा कणा एकमेकांना बांधलेला असतो. बर्फावर चाक जरा घसरून हिशेब जुळवते. कोरड्या रस्त्यावर ते घसरू शकत नाही, मग गाडी अडखळते आणि आतली यंत्रे तुटायला येतात. हल्लीच्या काही गाड्यांत हे सारे आपोआप होते. तुमची गाडी कोणत्या जातीची ते तिच्या पुस्तकात दिलेले असते. ते पुस्तक गाडीच्या खणात पिशवीसकट न उघडलेले पडून असते, ते एकदा काढून वाचा.

खरी परीक्षा उताराची. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग घाटाखालचा अटल बोगदा सुरू झाला. तो ९.०२ किलोमीटर लांब आहे. पूर्वी हिवाळ्यात घाट बंद असे, म्हणून कोणी पलीकडे जात नसे. आता अर्ध्या दिवसात सिस्सूचा बर्फ बघून परत येता येते. पण मनालीकडचे बोगद्याचे तोंड सुमारे ३,०६० मीटर उंचीवर आहे आणि मनाली सुमारे २,०५० मीटरवर. म्हणजे पंचवीस-एक किलोमीटरांत हजार मीटर उतरायचे, आणि तेही बहुधा संध्याकाळी, काच होण्याच्या वेळी. २३ डिसेंबर २०२४ रोजी याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. बर्फ पडला की पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्या सोडतात. सोडले याचा अर्थ धोका नाही असा मात्र धरू नये.

उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहावे, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. ब्रेक हलका आणि तोही वळणाआधी, सरळ रस्त्यावर. पुढच्या गाडीपासून एरवीच्या कितीतरी पट अंतर ठेवावे. गाडी घसरलीच तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, जिकडे जायचे तिकडे बघावे आणि चाक तिकडेच हळूहळू वळवावे. दरीकडे बघणारा दरीकडेच जातो, असे हे म्हणतात.

टायरच्या साखळ्या फोर बाय फोरपेक्षा मोलाच्या, कारण त्या थांबायलाही मदत करतात. शक्यतो चारही चाकांना लावाव्या, आणि त्या सपाट जागी, बर्फ लागण्याआधी लावाव्या. बर्फ संपला की काढाव्या. आपल्याकडच्या नेहमीच्या टायरचे रबर सात अंशांच्या खाली कडक होत जाते, हेही ध्यानात असू द्या.

आता आपल्या बाजूचे. गाडीत फावडे, घोंगड्या, पाणी, गूळ-शेंगदाणे आणि पिशवीभर राख ठेवा. फिरत्या चाकाखाली राख टाकली की त्याला धरायला काहीतरी मिळते. आणि गाडी बर्फात अडकून रात्र काढायची वेळ आली तर हीटरसाठी इंजिन सतत चालू ठेवू नका. मागची धुराची नळी बर्फाने बुजते आणि विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा थंडीबरोबर या वायूचेही कारण सांगितले गेले. इंजिन थोडा वेळ चालवायचे, तेही नळीभोवतीचा बर्फ उकरून आणि एक काच बोटभर उघडी ठेवून.

पुरुष गाडी चालवत असताना बाईने मध्ये बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ओरडू नये हे मला मान्य, त्याने चालवणारा दचकतो. पण ‘उतार आला, गिअर खाली घ्या’ एवढे शांतपणे म्हणायला काय हरकत आहे? ‘आज परत फिरू’ हेही म्हणावे. राग आला तर येऊ दे, रात्रीच्या जेवणापर्यंत उतरतो.

यांनी लिलावात घेतलेली जुनी जिप्सी बाहेर अंगणात उभी आहे, आणि साखळ्यांचा एक जोडही आणला आहे. चहा झाल्यावर ज्यांना दांडा हाताने टाकून पाहायचा असेल आणि साखळी चाकावर कशी चढवतात ते बघायचे असेल, त्यांनी यावे. साखळीला ग्रीस लागलेले आहे, तेव्हा पदर खोचून या.