पलंग घेताना सांधा पाहा
(तीर्थपुरी येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी पलंगाविषयी बोलणार आहे. कोणी म्हणेल, गुरुजींना दुसरा विषय सापडला नाही का? पण विचार करा. माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर काढतो. बाळंतीण तिथेच निजते. आजारी माणूस तिथेच पडून राहतो. आणि पलंग आपण जन्मात एखाद-दोन वेळाच घेतो. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. पलंग घेताना मात्र नुसती चकाकी बघतो आणि पैसे मोजतो. पुष्कळदा ते पैसे लेकीच्या लग्नासाठी उसनवारीने आणलेले असतात. दोन पावसाळ्यांत पलंग मोडतो. कर्ज मात्र उभेच राहते.

आधी एक सांगतो. जमिनीवर निजण्यापेक्षा उंचावर निजणे बरे. पावसाळ्यात जमीन ओलसर होते. विंचू, साप घरात शिरतात. मण्यार साप रात्रीच फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही. झोपलेल्या माणसाला कित्येकदा कळतसुद्धा नाही, आणि काही तासांत श्वास अडू लागतो. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे राहून विंचूदंशाच्या इलाजाचे मोठे काम केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सापाच्या विषावरची लसही सरकारी दवाखान्यात असते. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठावा. पण दंश न होणे हे सगळ्यांत बरे. चार खुरांवर उभा असलेला पलंग आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी ही गरिबाची कवचकुंडले आहेत.

आपली विणलेली बाजसुद्धा चांगली. हलकी असते, अंगणात नेता येते. दोर सैल झाला की ओढून ताणता येतो. ज्याची बाज धड आहे त्याने पलंगासाठी कर्ज काढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण उगाच नाही. पण पलंग घ्यायचाच असेल तर तो मजबूत हवा, टिकाऊ हवा आणि मुका हवा. मुका म्हणजे कुशीवर वळले की करकरणार नाही असा. एकाच खोलीत सारे घर झोपते. पलंग करकरला की पाळण्यातले लेकरू जागे होते, आजाऱ्याची झोप मोडते, आणि घरातल्या सुनेला संकोच होतो. ही लहान गोष्ट नाही.

लाकूड कोणते?

पलंगाला सागासारखे लाकूड नाही. सागाच्या गाभ्यात निसर्गानेच तेल भरले आहे. म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही. सुकताना तो फार आकसत नाही, फार वाकडाही होत नाही. देहरादूनला सरकारची वन संशोधन संस्था आहे. ती १९०६ साली निघाली. तिथे निरनिराळी लाकडे पारखताना सागाला १०० गुण धरतात आणि बाकीची लाकडे त्याच्याशी ताडून बघतात. आपल्या राज्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीकडचा साग नावाजलेला आहे. दिल्लीला २०२३ साली नवे संसद भवन उघडले. त्यासाठी साग नागपूरहून नेला होता.

साग किती टिकतो? लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. लेणे कोरले तेव्हाच्या त्या कमानी अजून जागेवर आहेत. त्या अठराशे वर्षांहून जुन्या आहेत. त्या टिकल्या, कारण त्यांना पाऊस लागत नाही, माती लागत नाही आणि वारा मिळतो. हे ध्यानात ठेवा. कोरडे आणि हवेशीर लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ओले होणारे, मातीला टेकलेले लाकूड लवकर कुजते.

साग परवडत नसेल तर बाभूळ घ्या. आपल्या भागात औत आणि गाडी बाभळीवरच चालली. लाकूड जड आणि चिवट असते. पण त्याला भुंगा लागतो. खोड आडवे कापले की मध्ये गडद गाभा दिसतो आणि कडेला फिकट पट्टा दिसतो. त्या फिकट लाकडात झाडाने साठवलेले अन्न असते. किड्याची अळी तेच खाते आणि लाकडातून पीठ गळू लागते. म्हणून जुने लोक बाभळीचे ओंडके डोहात, विहिरीत महिनोन्‌महिने बुडवून ठेवीत. पाण्यात ते अन्न निघून जाई. साग असो की बाभूळ, कडेचे फिकट लाकूड पलंगाला लावू नका.

जुना वाडा मोडला की तुळया, खांब विकायला निघतात. ते लाकूड कैक वर्षे सुकलेले असते. कीड नसेल तर ते बेलाशक घ्या. कापण्याआधी त्यातले खिळे तेवढे काढून घ्यावेत. स्वतःच्या शेतातला साग तोडायचा असेल तर आधी परवानगी लागते आणि लाकूड नेण्यासाठी वाहतूक पास लागतो. वनखात्याच्या कचेरीत विचारूनच कुऱ्हाड लावा.

आता फसवणुकीचे बघू. लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून फळ्या करतात. वरून सागाच्या रेषा छापलेला कागद चिकटवतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! अशी फळी ओल लागली की फुगते. तिच्यात बसवलेला स्क्रू एकदा निसटला की पुन्हा धरत नाही. पलंगाची खालची बाजू बघा. तिथे कागद नसतो, पॉलिश नसते. तिथे खरे लाकूड दिसते.

लाकूड सुकले आहे का?

ओल्या लाकडाचा पलंग पुढे करकरणारच. लाकूड सुकताना लांबीत आकसत नाही म्हटले तरी चालेल. पण ते रुंदीत आणि जाडीत आकसते. आज घट्ट बसलेला सांधा वैशाखाच्या उन्हात सैल होतो.

ओळखायचे कसे? सुताराकडून त्याच लाकडाचा एक तुकडा मागून घ्या. किराणा दुकानातल्या काट्यावर तोला आणि वजन वहीत लिहा. तुकडा पंधरा दिवस घरात कोरड्या जागी ठेवा. मग पुन्हा तोला. किलोमागे पन्नास ग्रॅमहून जास्त घट आली तर लाकूड अजून ओले आहे. थांबा. फळ्या सावलीत रचा आणि दोन फळ्यांच्या मध्ये चिपा ठेवा, म्हणजे वारा खेळेल. उन्हात टाकू नका, तडे जातात.

पलंग शक्यतो चैत्र-वैशाखात करून घ्या. तेव्हा लाकूड सगळ्यांत कोरडे असते. पुढे पावसाळ्यात ते थोडे फुगते आणि सांधा आणखी घट्ट होतो. भर पावसात केलेल्या पलंगाचे उलटे होते.

सांधा कसा आहे?

ही सगळ्यांत मोठी गोष्ट. पलंग लाकडात मोडत नाही, तो सांध्यात मोडतो. करकर म्हणजे तरी काय? सैल सांध्यात लाकडावर लाकूड घासते, त्याचा आवाज. म्हणजे करकर ही सांध्याची पहिली तक्रार आहे.

चांगला सुतार दांडीच्या टोकाला तासून जीभ काढतो. तिला कुसू म्हणतात. खुराला तेवढेच भोक पाडतो आणि कुसू त्यात ठोकून बसवतो. मग आरपार लाकडी खुंटी मारतो. तीन इंची खूर असेल तर कुसू निदान दोन इंच आत जावे. ते हाताने ढकलून नव्हे, ठोकूनच आत जायला हवे.

नुसते खिळे मारलेला सांधा घेऊ नका. दांडीच्या टोकातून सरळ आत मारलेला स्क्रूही नीट धरत नाही, कारण तिथले धागे फाकतात. पलंग सोडून दुसरीकडे नेता यावा असे वाटत असेल तर आरपार जाणारे नटबोल्ट घाला. ते आवळता येतात. वर्षातून दोनदा आवळावे. पाडव्याला एकदा, दिवाळीला एकदा. म्हणजे विसर पडत नाही.

बांधणी आणि उंची

लाकडाची एक पट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, ती वाकते. तीच उभी धरून वाकवा, ती वाकत नाही. म्हणून बाजूची फळी उभी बसवावी. पाच-सहा इंच उंच आणि सव्वा ते दीड इंच जाड असावी. तीन फुटांपेक्षा रुंद पलंगाला मधोमध एक दांडी आणि तिच्याखाली एक खूर असावा. गादीखालच्या पट्ट्यांमध्ये दोन-तीन बोटांचे अंतर ठेवा. गादीला हवा मिळते.

लांबी सव्वासहा फूट ठेवा. उंची घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठरवा. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. गादीसकट दीड फूट बहुधा पुरते. फार खाली असला तर म्हाताऱ्याला उठवत नाही, फार वर असला तर रात्री उतरताना पडायची भीती.

खाली पेटी असलेल्या पलंगात सामान राहते खरे. पण खाली झाडता येत नाही, ओल धरते, वाळवी दिसत नाही. खेड्यातल्या घराला उघड्या खुरांचा पलंग बरा. मातीची जमीन असेल तर प्रत्येक खुराखाली फरशीचा तुकडा ठेवा आणि खुरांच्या तळाला तेलरंग लावा. पाणी तिथूनच वर चढते.

दुकानात काय करावे?

एक: पलंगाचा एक कोपरा वीतभर उचला. शेजारचा खूरही लगेच उचलला गेला पाहिजे. तो जागचा हलत नसेल तर चौकट ढिली आहे.

दोन: दोरीने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके माप घ्या. मग दुसरे तिरके माप घ्या. दोन्ही सारखी आली तर चौकट काटकोनात आहे.

तीन: उशाकडची बाजू धरून हलवा आणि सांध्याकडे बघा.

चार: वर बसा, आडवे व्हा, दोनदा कूस बदला. दुकानदार हसला तर हसू द्या. झोपायचे तुम्हाला आहे. आजूबाजूला गोंगाट असेल तर जरा थांबून पुन्हा ऐका.

पाच: खाली वाकून बारीक भोके आणि पीठ आहे का ते बघा.

घरातला जुना पलंग करकरत असेल तर फेकू नका. दोघे जण बसून एकाने हलवावे, दुसऱ्याने कान लावून जागा शोधावी. बोल्ट सैल असेल तर आवळा. पट्टी वाजत असेल तर तिच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा. लाकडाला लाकूड घासत असेल तर मेण चोळा. कुसूच ढिले झाले असेल तर सुताराकडून पातळ पाचर मारून घ्या. थोड्या खर्चात पलंग आणखी दहा वर्षे चालेल.

पावती वाचून घ्या

शेवटी तुमच्या वर्गाची गोष्ट. आजवर दुकानदार सांगेल ते आपण ऐकत होतो. आता तुम्हाला वाचता येते. पावतीवर नुसते ‘पलंग १’ असे लिहून घेऊ नका. ‘सागवान’ सांगितले असेल तर ‘सागवान’ असे लिहून मागा. लांबी, रुंदी, किंमत, तारीख लिहून मागा आणि तिथेच उभे राहून अक्षर अन् अक्षर वाचा. खरा व्यापारी आनंदाने लिहून देईल. जो लिहून द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडचा पलंग घेऊ नका. पुढे माल खोटा निघाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्लाही मिळतो. पण तिथे तोंडी सांगून भागत नाही. तिथे पावती लागते.

आज घरी गेल्यावर आपली बाज किंवा पलंग हलवून बघा. किती सांधे आहेत आणि त्यातले किती वाजतात, ते वहीत लिहून उद्या वर्गात आणा.