खिशातल्या नोटांवरचा व्हिएतनाम

(रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाउसमध्ये झालेल्या मासिक गप्पांपैकी एक भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून काढले आहे.)



सेक्रेटरींनी मला बजावलं होतं, "काका, अर्धा तास बोला, पण फोटो कमी दाखवा." मागच्या महिन्यातले युरोपचे चारशे फोटो सगळ्यांच्या लक्षात असतील. म्हणून मी फोटो आणलेच नाहीत. नोटा आणल्या आहेत. पाच आहेत, मोजून देतो आहे, पहिल्या रांगेपासून मागे सरकवत जा. कॅशियर म्हणून लागलेला माणूस मॅनेजर होऊन निवृत्त झाला तरी परदेशात गेल्यावर आधी नोट उलटून बघतो, तसं माझं झालं.

मार्च 2025 मध्ये आम्ही दोघं चौदा दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. मुलाचं म्हणणं होतं, "बाबा, हनोई, हालोंग आणि सायगाव, पाच रात्रींचं पॅकेज घ्या, दमणार नाही." मी म्हटलं, मधला भाग बघायचा नसेल तर मला जायचंच नाही. हा हट्ट का, ते तरुण मंडळींना सांगायला हवं. माझ्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात व्हिएतनाम वाचला नाही, पेपरात वाचला. 1968 साली मी सोळा वर्षांचा होतो. रोज सकाळी वडील पेपर मोठ्याने वाचायचे आणि त्यात 'ह्यू' नावाच्या शहरात रस्तोरस्ती लढाई चाललेली असायची. दा नांग, क्वांग त्री, सायगाव ही नावं आम्हाला सातारा-सांगलीइतकी पाठ होती, पण त्यांच्यापुढे कायम बॉम्ब, वेढा, मृत असेच शब्द. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं, तेव्हा मी बँकेत नवा होतो. 1 मेची सुट्टी होती आणि मी दिवसभर तो पेपर घेऊन बसलो होतो. तर मला ती गावं, तिथे नुसती माणसं राहताना, एकदा बघायची होती.

आता नोटा. तिथलं चलन डोंग. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला साधारण तीनशे डोंग पडत होते. हिशेब सोपा आहे, शेवटची तीन शून्यं खोडा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. सगळ्या नोटांवर पुढे हो ची मिन्ह. मागच्या बाजूला मात्र देश दिसतो.

एक लाखाची नोट हनोईची. त्यावर वान मियेव, म्हणजे साहित्याचं मंदिर आहे. 1070 साली बांधलेलं, कन्फ्यूशियसच्या नावाने. आत दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा उभ्या आहेत आणि त्यांवर काही शतकांपूर्वी राजदरबारची परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरली आहेत. सीएआयआयबी पास झाल्यावर आम्हाला एक इन्क्रिमेंट मिळालं होतं, शिळा कोणी उभारली नाही. हनोईत रस्ता ओलांडणं ही एक वेगळी परीक्षा. स्कूटरी थांबत नाहीत. आपण सावकाश, न थांबता, न पळता चालत राहायचं, त्या बाजूने जातात. दचकून मागे फिरलात तर मात्र गडबड.

दोन लाखाची नोट हालोंगच्या उपसागराची. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सोळाशेच्या वर डोंगर-बेटं. सुंदर आहे, पण बोटींची गर्दी इतकी की गणपतीत लालबागला उभं असल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर त्यापेक्षा निन्ह बिन्ह प्रांत बरा. तसेच डोंगर, पण भातशेतीत आणि नदीत. ताम कोकला नाववाल्या बायका मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात. जवळच होआ लू आहे, दहाव्या शतकातली राजधानी.

पन्नास हजाराची नोट जरा बघून पुढे द्या. हे ह्वे. तेच आमचं पेपरातलं 'ह्यू'. 1802 ते 1945 न्गुयेन राजघराण्याची राजधानी. नदीकाठी मोठा थोरला कोट, त्यात राजवाड्यांचं शहर. 1968 च्या लढाईत त्यातलं बहुतेक जमीनदोस्त झालं. आज आत गेलात की एखादा लाल-सोनेरी महाल दिसतो आणि त्याच्या शेजारी नुसता गवताळ चौथरा, पुन्हा महाल, पुन्हा चौथरा. सिंहासनाचा थाय होआ महाल दुरुस्त होऊन आम्ही जायच्या काही महिने आधीच उघडला होता. इतर प्रवासी महालाचे फोटो काढत होते, मी चौथरे मोजत होतो. शेवटी ही म्हणाली, "चला आता, ऑडिट पुरे."

ह्वेहून एक दिवस गाडी करून आम्ही क्वांग त्रीला गेलो. कुठल्याही नोटेवर हे नाही. 1954 च्या जिनिव्हा करारात देशाचे दोन भाग झाले ते सतराव्या अक्षांशाजवळ, बेन हाय नावाच्या लहानशा नदीवर. त्या करारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, कॅनडा आणि पोलंड सोबत. हियेन लुओंगचा पूल चालत ओलांडायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिथल्या कुटुंबांना वीस वर्षं लागली.

तिथून पुढे समुद्रकाठी विन्ह मोक. वरून बॉम्ब पडत होते म्हणून या कोळ्यांच्या गावाने जमिनीखाली तीन मजले खणले आणि काही वर्षं सगळं गाव खालीच राहिलं. सायगावजवळची कू चीची भुयारं सगळे बघतात, पण ती लढणाऱ्यांची, फार अरुंद. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिकडे आत शिरूच नका. विन्ह मोकची भुयारं संसाराची आहेत. माझ्या उंचीच्या माणसाला थोडी मान वाकवून चालता येतं. विहीर आहे, भिंतीत घरटी एक कोनाडा आहे आणि एका वळणावर बाळंतिणीची जागा आहे. त्या भुयारांत सतरा मुलं जन्मली.

आमची ही पालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर होती, हे तुम्हाला सांगायला नको. या सोसायटीतल्या कितीतरी नातवंडांना पहिली आंघोळ तिने घातली आहे. खरं म्हणजे तिला क्वांग त्रीला यायचंच नव्हतं. "सुट्टीला जाऊन मेलेल्यांची गावं कशाला बघायची?" यावरून आमचं आदल्या रात्री चांगलंच वाजलं होतं. त्या कोनाड्याशी ती थांबली. वीत लावून लांबी मोजली, मग रुंदी. मला म्हणाली, "बाई झोपली की सुईणीला बसायला जागा नाही. तिने उभ्यानेच केलं असणार सगळं." आणखी काही बोलली नाही. पुढे भुयार एकदम समुद्रावर उघडतं, भरपूर उजेड आणि वारा. तिथे बराच वेळ बसून राहिली. परत येताना गाडीत मी म्हटलं, तुला जबरदस्तीने आणायला नको होतं. तर म्हणाली, "हे आधी सांगायचं होतंत. मेलेल्यांचं म्हणालात, जन्मलेल्यांचं कुठे म्हणालात?"

ह्वे ते दा नांग विमान नाही, बस नाही, आगगाडीच पकडा. मीटरगेज आहे, आमच्या लहानपणीच्या पुणे-मिरज लाइनसारखी. तीनएक तास डुलत जाते, एका बाजूला हाय वान घाट आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. मधे हा देश इतका चिंचोळा आहे की काही ठिकाणी समुद्रापासून लाओसची हद्द पन्नासएक किलोमीटरवर येते.

वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट आता शेजारी शेजारी धरा. दोन्ही निळसर. वीस हजारावर होई आन गावातला जुना जपानी पूल आहे, पाच लाखावर हो ची मिन्ह यांचं न्गे आन प्रांतातलं घर. होई आनला त्या पुलाजवळच मी शहाळं घेतलं आणि वीस हजाराऐवजी पाच लाख देऊन चालू लागलो. सत्तर रुपयांऐवजी सतराशे! सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. ती बाई शहाळ्यांची गाडी तशीच टाकून मागे धावत आली, नोट माझ्या हातात कोंबली आणि माझ्या चष्म्याकडे बोट दाखवून हसली. तेव्हापासून पाकीट हिच्याकडे आहे.

होई आनहून चाळीसएक किलोमीटरवर मी सोन. चौथ्या शतकात चंपाचा राजा भद्रवर्मन याने इथे शिवाचं देऊळ बांधलं, भद्रेश्वर. पुढे तेराव्या शतकापर्यंत विटांची देवळं उभी राहत गेली. संस्कृत शिलालेख आहेत. डोंगरांच्या वाटीत सकाळी सात वाजता धुक्यात ती लाल देवळं बघून मी हात जोडले, सवयीने. पण एक सांगतो. आपल्या ग्रुपवर अधूनमधून 'तिथे आपलं राज्य होतं' असं येतं, ते बरोबर नाही. चाम लोक तिथलेच. त्यांनी देव आणि भाषा घेतली, राज्य त्यांचंच होतं, आणि त्यांचे वंशज आजही फान रांगच्या बाजूला आपल्या देवळांत पूजा करतात. 1969 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत इथलं सर्वांत मोठं देऊळ कोसळलं. बॉम्बचे खड्डे अजून आहेत, त्यांत गवत वाढलंय. पडझड सावरायला आधी एक पोलिश वास्तुतज्ज्ञ आले, त्यांचा पुतळा होई आनमध्ये आहे. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याने तीन देवळांच्या समूहांचं काम केलं. 2020 मध्ये त्यांना तिथे नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. मी अभिमान मानायचा तो या कामाचा मानतो.

सायगावबद्दल थोडक्यात. 1976 पासून कागदोपत्री हो ची मिन्ह शहर, तोंडी सायगावच. युद्धाच्या संग्रहालयात नातवंडांना नेऊ नका. मोठ्यांनी मात्र जावं. आम्ही होतो तेव्हा विजयाला पन्नास वर्षं होणार म्हणून रस्त्यांवर झेंडे लागत होते. न्या चांग आणि दा लात राहून गेलं, याची चुटपुट आहे. प्लेगचा जंतू शोधणारे डॉक्टर येर्सँ न्या चांगला राहत, दा लातचं थंड हवेचं ठिकाण त्यांनीच सुचवलेलं. हेच येर्सँ 1897 मध्ये प्लेगवरचं सिरम घेऊन आपल्या मुंबईत आले होते.

आता तुमचे नेहमीचे प्रश्न. जेवण? 'आन चाय' म्हणा, म्हणजे शाकाहारी. तिथे बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहारच करतात, त्यामुळे शब्द सगळ्यांना कळतो. पण भाजीतही माशाचं पाणी घालतात, तेव्हा 'चाय'ची पाटी असलेल्या ठिकाणीच बसा. केव्हा जावं? फेब्रुवारी-मार्च. दिवाळीच्या सुट्टीत मधल्या भागात जाऊ नका. 2025 मध्ये दिवाळीनंतरच्या आठवड्यात ह्वे आणि होई आन दोन्ही पुराच्या पाण्यात होती. हनोईला मार्चमध्येही स्वेटर लागतो, सायगावला पंखा पुरत नाही. आणि नकाशा नवा घ्या. आमच्या बँकांचं झालं तसं त्यांनीही 1 जुलै 2025 ला प्रांतांचं विलीनीकरण केलं, 63 चे 34. क्वांग नाम दा नांगमध्ये गेला, त्यामुळे होई आन आणि मी सोन आता कागदावर दा नांग शहरात आहेत. देवळं हललेली नाहीत.

नोटा मागपर्यंत पोचल्या असतील. पाच दिल्या होत्या. इकडे फक्त चार आल्यात, आणि निळी कुठली राहिली ते मला चष्मा लावूनच बघावं लागेल.